साडेबारा तासांवरचं बाळंतपण

मेलबर्न किती लांब आहे, हे जाईबाईंना समजावून सांगायचं काम मंजुळाकडे आलं होतं. किलोमीटर सांगून उपयोग नव्हता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना अंतर एकाच मापाने कळायचं: लालबाग ते गाव. गाव म्हणजे कणकवलीच्या पुढे, तिठ्यावर उतरून आत चालत जायचं ते.

"आपल्या गावाला दहा वेळा जाऊन यावं ना आई, तेवढं लांब," मंजुळा म्हणाली.

"आणि येळ किती लागता?"

"थेट विमान असलं तर साडेबारा तास."

जाईबाईंनी उशीवरून मान वळवली. "म्हंजे पूर्वी येष्टीन गावाक जाऊक लागायचो तितकोच? मगे ह्यां तर गावच झाला." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मदी खंय थांबता काय इमान? च्या-पाण्याक?"

मंजुळा हसली. जाईबाईही हसल्या. तो दिवस चांगला होता. मंजुळा मेलबर्नला जाणार हे तोवर त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मंजुळा मूळची गिरगावातली, फणसवाडीची. लग्न होऊन लालबागला आली तेव्हा इथे चाळ होती. आता चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला होता आणि जुन्या भाडेकरूंच्या वाट्याला आलेल्या विंगमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर, हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर एवढं त्यांचं घर होतं. चाळीत दार उघडं टाकून चार घरं फिरून यावं तरी घरात कुणी ना कुणी डोकावायचं. इथे दार ओढलं की संपलं. तीन वर्षांपूर्वी जाईबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या पलंगावर होत्या. हाताशी एक वाटी आणि एक चमचा. हाक मारून दम लागतो म्हणून मंजुळानेच ती युक्ती काढली होती. आता वाटी वाजली की ती पोळी तव्यावर टाकून धावायची. बहुतेक वेळा काही हवंच नसायचं. "खंय गेलंस ता बघी होतंय," जाईबाई म्हणायच्या.

भाजी आणायला गेली तरी परत येताना लिफ्टमध्येच तिला वाटीचा आवाज येतोय असं वाटायचं. समोरच्या बाईंबरोबर ती एकदा हळदीकुंकवाला परळला गेली, तर वाण घेऊन तिसऱ्याच मिनिटाला उठली. लोकांनीही मग बोलावणं सोडलं. "तिला कुठे जमतंय," असं म्हणायचे, कौतुकाने.

मेघना, मंजुळाची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली होती. गौतमला आई नव्हती. फेब्रुवारीत मेघनाने सांगितलं की दिवस गेलेत, जूनमध्ये तारीख आहे, आणि नंतर तिने काहीच मागितलं नाही. नुसती कॅमेऱ्यासमोर बसून राहिली. मग म्हणाली, "आई, इथे नर्स घरी येऊन बघून जाते म्हणे. एकदा. मग आपलं आपण."

"मी येणार," मंजुळा म्हणाली. मागच्या खोलीत वाटी वाजत होती.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, यात तिला काही वादाचं दिसत नव्हतं. मेघनाच्या वेळी ती स्वतः फणसवाडीला गेली होती. आईच्या दोन खोल्या, शेक-शेगडीचा धूर, खसखशीची खीर, आणि सव्वा महिना कुणी तिला नावाने हाक मारून काम सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या साऱ्या वर्षांत असा सव्वा महिना तिला पुन्हा मिळाला नाही. लेक इथे येऊ शकत नसेल तर माहेराने उठून तिच्याकडे जायचं, बस.

व्हिसा आला. मेघनाने तिकीट काढलं. मंजुळाच्या नवऱ्याने, महादेवने, एका ब्युरोतून प्रिती नावाची बाई ठरवली. प्रिती सकाळी यायची, संध्याकाळी जायची, हात स्वच्छ होता आणि बोलणं कमी. एका रविवारी धाकटे दीर हितेंद्र आणि जाऊ मृणालिनी अँटॉप हिलहून आले. तिथल्या सरकारी कॉलनीत त्यांचं घर. शनिवार-रविवार त्यांनी येऊन राहावं, एवढंच विचारायचं होतं.

"वहिनी, तुम्ही बिनधास्त जा," हितेंद्र भजी खात म्हणाला. "हल्ली लांब काही राहिलंय का? बारा तास. इकडे काही कमीजास्त झालं तर फोन करू, तुम्ही दुसऱ्या दिवशी हजर."

"आणि तोवर?" महादेवने विचारलं.

"तोवर काय? हल्ली ठेवतात की. पेटी मिळते बर्फाची. आमच्या ऑफिसातल्या देसाईंच्या वडिलांना मुलगा कॅनडाहून येईपर्यंत..."

"अहो, हळू," मृणालिनी म्हणाली. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

मंजुळाने कपबश्या उचलल्या. "भाऊजी, अँटॉप हिलहून लालबागला यायला तुम्हाला गणपती लागतात. मी मात्र मेलबर्नहून दुसऱ्या दिवशी."

"बघा, वहिनी टोमणे मारायला लागल्या. म्हणजे मनाने गेल्याच," हितेंद्र हसला. पण शनिवारचं कबूल करून गेला.

जाईबाईंना सांगितलं ते त्याच संध्याकाळी. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "माका कोण बघतलो?" विचारलं. प्रितीचं नाव सांगितलं तेव्हा डोळे मिटले. मग म्हणाल्या, "देवाक इचारा. कौल लावा. देव म्हणात तां खरा."

या घरात कौल लावल्याशिवाय मोठं काही झालं नव्हतं. चाळ टॉवरला द्यायची की नाही तेव्हा लावला होता, जाईबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या आधीही. गावच्या देवळात रवळनाथाच्या अंगावर गुरव पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. गावी महादेवचा चुलतभाऊ आनंदा होता. देवळाचा मान त्यांच्या घराकडे, त्यामुळे आपल्या माणसांचं गाऱ्हाणं तोच घालायचा.

"सरळ विचारायला सांगा हं," मंजुळाने महादेवला बजावलं. "मी जाऊ की नको. एवढंच."

महादेव मान डोलावून गॅलरीत गेला. तो घाबरट माणूस होता. औषधांच्या गोदामात नोकरी केली, तीस वर्षं कुलूप लावून पुन्हा ओढून बघितलं. आता त्याने विचार केला की नुसतं जाऊ की नको विचारून काय होणार? देव जा म्हणाला आणि मागे आईचं काही झालं तर? मुख्य भीती ती आहे, मग तिचीच हमी घ्यावी. त्याने आनंदाला फोनवर हळू आवाजात नीट समजावलं. आपण फार शहाणपणाचं केलं असं त्याला वाटलं.

सोमवारी सकाळी आनंदाने देवळातून व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल जाईबाईंच्या पलंगावर तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर समई, काळा दगड, गुरवाचा हात. आनंदाचा आवाज घुमला.

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळातली चार माणसं म्हणाली. जाईबाईही म्हणाल्या.

"आज ह्यां तुझा लेकरू मुंबैक आसा. तेच्या घरची सून सातासमुद्रापलीकडे लेकीच्या बाळंतपणाक जाता हा."

"व्हय म्हाराजा!"

"ती थंय आसताना हयसर म्हातारेचा काय बरावाईट होवचा आसात, तर तिका येळेर आणून हजर कर. शेवटचा पाणी तिच्या हातान पडांदे. आणि तां तू करतलंस, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

मंजुळाने महादेवकडे पाहिलं. तो हात जोडून उभा होता. पडद्यावर चित्र थांबलं, पुन्हा हललं, आणि उजवी पाकळी घसरून पडली.

"उजवो! वैनी, उजवो दिल्यान!" आनंदा ओरडला. महादेवने मोठा श्वास सोडला. "झालं. देवानं मार्ग मोकळा केला," तो म्हणाला.

दुपारी जाईबाईंनी भात घेतला नाही. संध्याकाळी मंजुळा कूस बदलायला गेली तर त्यांनी तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"देवान सांगल्यान मा, तू येळेर पोचतलंस?"

"हो. बघा ना, किती चांगलं झालं."

"म्हंजे मी मरतलंय. तू थंय गेल्यार. नायतर पोचतलंस कित्याक?"

गाऱ्हाण्यात म्हातारीच्या बऱ्यावाईटाची गोष्ट घातली आणि देवाने त्यावर हो म्हटलं. जाईबाईंच्या हिशेबाने ती तारीखच ठरली होती, मंजुळा तिकडे असेल तेव्हाची.

त्यानंतर घरात दुसरं काही उरलं नाही. जाईबाई प्रितीच्या हातून पाणी घेईनात. मंजुळा उठली की पदर धरायच्या. पदर सुटला की वाटी. गावाहून, बदलापूरहून, भांडुपहून नातेवाइकांचे फोन यायला लागले. "अगो, म्हातारेक असा सोडून जातंस? देवान एवढा सांगितल्यार?" बदलापूरच्या आतेसासूबाई म्हणाल्या. आता सगळ्यांच्या लेखी देवाने स्पष्ट सांगितलेलं होतं.

"पुन्हा लावा कौल," मंजुळा महादेवला म्हणाली. "सरळ प्रश्न विचारा."

"आनंदा नाही म्हणतो. उजवा दिल्यावर परत विचारायचं म्हणजे देवावर विश्वास नाही असं होतं."

"मग मी विचारते त्याला फोन करून."

"तू? बायका कुठे..." तो थांबला. "मंजू, ऐक ना. तिकीट पुढे ढकलू. बाळ झालं की बघू. महिनाभराने काय फरक पडतो?"

ती कणीक मळत होती. हात थांबवून तिने त्याच्याकडे पाहिलं. "फणसवाडी इथून किती लांब आहे हो?"

"आता ते कशाला?"

"सांगा ना. बसने अर्धा तास? माझी आई तिथे आठ दिवस अंथरुणावर होती. इथे आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, थेंब घालायला दुसरं कुणी नाही, म्हणून उद्या जाते, उद्या जाते करत राहिले. पोचले का मी वेळेवर?"

महादेवने ओट्यावर सांडलेलं पीठ बोटाने गोळा केलं.

"त्यावर कुणी कौल लावला नव्हता," ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. कणीक केव्हाच झाली होती.

मेघना रोज फोन करायची. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण ती मंजुळाची मुलगी होती. "आई, नसेल जमत तर सांग. गौतम दोन आठवडे रजा घेतोय," ती म्हणाली. तिच्या पायांना सूज आली होती, मागे कुठेतरी हीटर घरघरत होता, आणि इथे भरदुपार असताना तिथल्या हिवाळ्यात बाहेर अंधारून आलं होतं. "सूप करता येतं त्याला," मेघना म्हणाली. मंजुळाने "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

जायचा दिवस आठवड्यावर आला. बॅग कपाटावरून खाली उतरलीसुद्धा नव्हती. सकाळी ती जाईबाईंचं अंग पुसत होती. गरम पाण्याचं भांडं, पंचा, पाठीला पावडर. मंजुळाला पाठीवरचं प्रत्येक हाड पाठ होतं. जाईबाई नेहमीसारख्या पुटपुटत होत्या, "तू गेलंस की मी मेलंय, तू गेलंस की मी मेलंय."

पंचा पिळता पिळता मंजुळा थांबली.

"आई, देवानं नक्की काय सांगितलं?"

"तुका ठाव नाय?"

"तुमच्या शेवटच्या वेळी मी हजर असेन. माझ्या हातचं पाणी तुमच्या तोंडात पडेल. बरोबर?"

"व्हय."

"मग मी इथे नसताना तुम्हाला काही होईलच कसं?"

जाईबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"मी तिकडे आणि तुम्ही इकडे गेलात, तर देव खोटा पडेल. रवळनाथ खोटा पडतो का कधी? म्हणजे मी जोवर मेलबर्नला आहे, तोवर तुमच्या केसाला धक्का लागायचा नाही. देवानंच लिहून दिल्यासारखं आहे."

बोलताना तिला स्वतःचा आवाज दुकानदारासारखा वाटला. पण थांबली नाही. पाठ पुसून झाली होती तरी पंचा फिरवत राहिली. जाईबाई बराच वेळ छताकडे बघत होत्या. ओठ हलत होते, जणू गाऱ्हाणं पहिल्यापासून पुन्हा म्हणून बघत होत्या.

"तां खरा," शेवटी त्या म्हणाल्या. "मगे जा."

त्या दुपारी त्या दोन वाट्या पेज प्यायल्या, प्रितीच्या हातून. संध्याकाळी बदलापूरला फोन लावायला सांगितला आणि आतेसासूबाईंना दम भरला. "ती थंय आसा तवसर माका काय होवचा नाय. कळ्ळा? तू मदी पडू नको."

मंजुळाने बॅग काढली. लाडू न्यायचे नव्हते. तिथे विमानतळावर खाण्याचं सगळं उघडून दाखवावं लागतं म्हणून मेघनाने आधीच सांगितलं होतं. तिने जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, कुंची शिवली, गुटीसाठी सहाण न्यावी की नाही यावर एक दिवस घालवला. ती गाणं गुणगुणत होती आणि आपण गुणगुणतोय हे लक्षात येऊन गप्प होत होती.

तिसऱ्या दिवशी चहा घेऊन गेली तर जाईबाई म्हणाल्या, "तू कित्याक? प्रितीक पाठय."

"ती यायची आहे अजून."

"मगे ऱ्हवांदे. ती येयत तेव्हा घेतंय."

मंजुळाला आधी कळलं नाही. मग दिसलं की ती खोलीत शिरली की म्हातारी अंग चोरते. तिच्या हातचं पाणी नको. उशी सारखी करायला गेली तर "ऱ्हवांदे, ऱ्हवांदे". जाईबाईंनी तो हिशेब पुढे नेऊन पुरा केला होता. मंजुळा लांब तोवर जीव सुरक्षित. मंजुळा जवळ, म्हणजे केव्हाही. जी बाई दिसेनाशी झाली की वाटी वाजायची, तीच आता दारात उभी राहिली की भीती वाटत होती.

"परतीचा तिकीट काढलास काय गो?" मंजुळा दारात उभी असतानाच त्यांनी एकदा विचारलं.

तिकीट दोन्हीकडचं होतं, ऑगस्ट अखेरचं. व्हिसाच तेवढा होता. "नाही काढलं," मंजुळा म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या महादेवने खाली बघितलं.

"काढू नको," जाईबाई म्हणाल्या. "थंयच ऱ्हव. लेकीकडे कोण नाय म्हणता हा."

स्वयंपाकघरात आल्यावर महादेव कुजबुजला, "तू हे काय करून ठेवलंस? ऑगस्टमध्ये तू दारात उभी राहिलीस की ती भीतीनेच जाईल."

"तुम्ही जे विचारलंत तेच मी त्यांना समजावून सांगितलं."

"पण परत तर यायचंच आहे ना तुला? हे घर..."

"हो, यायचंच आहे," ती म्हणाली. ओट्यावर तिचं सगळं जागच्या जागी होतं: मिसळणाचा डबा, पोळपाट, जाईबाईंच्या पेजेचं पातेलं. प्रितीसाठी ती एकेका डब्यावर चिठ्ठी चिकटवत होती. परत यायचं होतं. आणि परत येईल त्या दिवसापासून पलंगावरची म्हातारी तिच्याकडे कशी बघेल तेही आताच दिसत होतं. तांदूळ लिहिलेली चिठ्ठी तिने रव्याच्या डब्यावर चिकटवली आणि पुन्हा सोडवून काढली.

विमान दुपारचं होतं. सकाळी नऊला टॅक्सी खाली येऊन थांबली. देवापुढे दिवा लावून ती खोलीत गेली. प्रितीने जाईबाईंना उशांना टेकवून बसवलं होतं, केस विंचरले होते. मंजुळाने पायांवर डोकं ठेवलं. जाईबाईंनी आशीर्वादाला हात उचलला, पण डोक्यावर ठेवला नाही. वरच्यावर धरला.

"येते आई," मंजुळा म्हणाली.

"येतंय म्हणू नको," जाईबाई म्हणाल्या.

"अं?"

"जातंय म्हण."

महादेव दारातून पुढे आला. "आई, काय हे अभद्र! निघणारं माणूस असं बोलतं का?"

"तू गप बस. गो, म्हण मा. एकदा म्हण."

या घरातून बाहेर पडताना ती बत्तीस वर्षं येते म्हणत आली होती. भाजीला जाताना, रेशनला जाताना, आईच्या दहाव्याला जातानासुद्धा. दुसरा शब्द जिभेवर यायलाच तयार नव्हता. जाईबाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, ओठ किंचित उघडे, चमच्याची वाट बघताना असायचे तसे. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला की आणखी कुणी, एकोणिसाव्या मजल्यावर नीट कळत नव्हतं. मेघनाची तारीख अकरा दिवसांवर होती.

"जाते," मंजुळा म्हणाली.

जाईबाईंनी हात खाली घेतला. "प्रिती, च्या दी गो माका," त्या म्हणाल्या. "साकर जास्त घाल."

महादेवने बॅग ओढत लिफ्टपर्यंत आणली. त्याचे डोळे भरले होते. लिफ्ट वर येताना बाराव्या मजल्यावर अडली, मग सुटली.

"अजून वेळ आहे," तो म्हणाला. "आत जाऊन नीट येते म्हणून ये. मनाला बरं नाही वाटत."

"त्या पुन्हा घाबरतील."

"मग निदान मला तरी म्हण."

दार उघडलं. मंजुळा आत शिरली, पर्स छातीशी धरून आरशाला पाठ करून उभी राहिली.

"अहो, बॅग आत घ्या," ती म्हणाली. "दार बंद होतंय."